स्वित्झर्लंडहून येणारा अपेन्झेलर कुत्रा मेढ्याच्या गोठ्यावर नीट राहील का?

प्रश्न : मेढा परिसर, ता. जावळी, जि. सातारा

नमस्कार. आमचे घर मेढ्यापासून थोड्या अंतरावरच्या एका वाडीत आहे. गोठ्यात पाच संकरित गाई, चार म्हशी आणि दोन कालवडी आहेत. धार काढण्यापासून डेअरीला दूध पोचवण्यापर्यंतचे सगळे काम मी आणि माझे यजमान मिळून करतो. माझ्या नणंदेचा मुलगा सहा वर्षांपासून स्वित्झर्लंडमध्ये सेंट गालेन येथे नोकरीस आहे. तो येत्या नोव्हेंबरात कायमचा परत येत असून त्याच्यासोबत त्याचा चार वर्षांचा कुत्राही येणार आहे. पुढची नोकरी पुण्यात असल्यामुळे आणि तेथील सदनिकेत एवढ्या चपळ जनावराला दिवसभर कोंडून ठेवणे त्याच्या मनाला पटत नसल्यामुळे, "मामी, तो तुमच्याकडे गोठ्यावर राहील का?" असे त्याने विचारले आहे.

जात तो अपेन्झेलर सेनेनहुंड अशी सांगतो. पाठवलेल्या चित्रफितीत कुत्रा काळाभोर दिसतो, छाती आणि पंजे पांढरे आहेत, दोन्ही डोळ्यांवर तांबूस ठिपके आहेत आणि शेपटी पाठीवर घट्ट वेटोळे करून ठेवलेली आहे. वजन 28 किलो आहे. तेथे तो सुटीच्या दिवशी एका शेतकऱ्याच्या गाई हाकायला जात असे, असेही भाच्याने सांगितले.

मी अजून होकार दिलेला नाही, कारण मनात भीती आहे. आमच्याकडे याआधी एक गावठी कुत्री होती. तीन वर्षांपूर्वी श्रावणात तिने खाणे सोडले, आणि पावसाने मरगळली असेल असे समजून आम्ही तीन दिवस घालवले. चौथ्या दिवशी तिच्या नाकातून रक्त आले तेव्हा तिला दवाखान्यात नेले. गोचिडांचा ताप होता आणि उशीर झाला होता. ज्या मातीत जन्मलेले जनावर आमच्याकडून वाचले नाही, तेथे बर्फाच्या देशातले कसे सांभाळायचे, हा माझा खरा प्रश्न आहे. ही जात मुळात कशासाठी निर्माण झाली, म्हशींशी तिचे जमेल का, पहाटे दूध न्यायला येणाऱ्या मुलाला आणि दारावरून शाळेत जाणाऱ्या पोरांना तिच्यापासून धोका आहे का, आणि आमचा उन्हाळा व चार महिन्यांचा पाऊस तिला सोसेल का, याविषयी जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

प्रतिसाद 1 : विश्रामबाग, सांगली

ताई, नोकरीनिमित्त मी नऊ वर्षे हेरिसाऊ येथे राहिलो. हे गाव अपेन्झेल प्रदेशातच आहे, आणि आमच्या भाड्याच्या घरामागे एका शेतकऱ्याचा गोठा होता. त्यामुळे हा कुत्रा मी चित्रात नव्हे, तर रोज सकाळ-संध्याकाळ कामावर पाहिला आहे. आधी त्याचा इतिहास सांगतो, कारण त्याच्या स्वभावाची किल्ली त्यातच आहे.

आल्प्समध्ये उन्हाळी कुरणांवर गुरे राखणाऱ्या आणि तेथेच चीज तयार करणाऱ्या माणसाला 'सेन' म्हणतात. सेनेनहुंड म्हणजे त्या सेनांचा कुत्रा. स्वित्झर्लंडमध्ये अशा चार जाती आहेत: ग्रेटर स्विस, बर्नीज, अपेन्झेलर आणि एंटलेबुखर. चौघांचे रंग सारखेच, म्हणजे काळा, पांढरा आणि तांबूस, पण कामे निरनिराळी आहेत. ग्रेटर स्विस आणि बर्नीज हे मोठ्या चणीचे असून ते दुधाच्या बरण्यांची लहान गाडी ओढत आणि घराची राखण करत. लुत्सर्न भागातील एंटलेबुख खोऱ्यातला एंटलेबुखर चौघांत सर्वांत लहान आहे. अपेन्झेलर मध्यम चणीचा असतो. नराची उंची खांद्याशी 52 ते 56 सेंटिमीटर आणि वजन साधारण 22 ते 32 किलो. हे शेवटचे दोघे खऱ्या अर्थाने गुरे हाकणारे आहेत.

अपेन्झेलरचा उल्लेख 1853 साली आल्प्समधील प्राणिजीवनावरच्या एका जर्मन पुस्तकात सापडतो. मोठ्याने भुंकणारा, आखूड केसांचा, मध्यम बांध्याचा, अनेकरंगी आणि घर राखण्यासाठी व गुरे एकत्र ठेवण्यासाठी उपयोगी पडणारा कुत्रा, असे त्याचे वर्णन तेथे आले आहे. आपल्या चित्रफितीतील कुत्र्याला ते जवळजवळ शब्दशः लागू पडेल. तरीही पुढची चाळीस वर्षे शहरातल्या श्वानप्रेमींनी त्याची दखल घेतली नाही. सेंट बर्नार्डसारख्या भव्य कुत्र्यांना जगभर मागणी होती, आणि शेतकऱ्याच्या दारातला कुत्रा म्हणजे कुठलाही संकर, अशी समजूत होती. 1895 च्या सुमारास माक्स झीबर नावाच्या वनाधिकाऱ्याने या कुत्र्याची बाजू घेऊन स्विस श्वानसंघाने त्यासाठी काहीतरी करावे असा आग्रह धरला. 1898 साली विंटरथूरच्या प्रदर्शनात आठ अपेन्झेलर मांडले गेले. 1906 साली प्राध्यापक आल्बर्ट हाइम यांच्या पुढाकाराने या जातीचा स्वतंत्र क्लब निघाला व वंशावळीची नोंदवही सुरू झाली, आणि 1914 साली हाइम यांनीच तिची पहिली अधिकृत लक्षणे लिहिली.

हाइम यांच्याविषयी दोन शब्द अधिक लिहितो, कारण मला त्यांच्याविषयी मनापासून आदर आहे. ते झुरिचमध्ये भूगर्भशास्त्र शिकवत आणि आल्प्सच्या खडकांच्या घड्या वाचण्यात त्यांचे आयुष्य गेले. अपेन्झेलच्या डोक्यावर उभ्या असलेल्या सेंटिस पर्वतावरचा त्यांचा मोठा ग्रंथ 1905 सालचा आहे. म्हणजे ज्या डोंगराच्या थरांचा त्यांनी अभ्यास केला, त्याच डोंगराच्या पायथ्याचा कुत्रा त्यांनी पुढच्याच वर्षी नोंदवहीत आणला. त्यांच्या पत्नी मारी हाइम-फ्योग्टलिन या स्वित्झर्लंडच्या पहिल्या महिला डॉक्टर होत्या. 1908 साली लांगेनथाल येथे एका गृहस्थाने एक मोठा, आखूड केसांचा कुत्रा हाइम यांच्यापुढे आणला, तेव्हा नामशेष झाली असे समजली जाणारी ग्रेटर स्विस जात त्यांनीच ओळखली. शेतकऱ्याच्या दारातले जनावर विद्वानाने आदराने पाहिले, म्हणून या जाती आज शिल्लक आहेत.

आता काम. अपेन्झेलमध्ये या कुत्र्याला सरसकट 'ब्लेस' म्हणतात, कपाळावरच्या पांढऱ्या पट्ट्यामुळे. जूनच्या सुमारास गुरे कुरणावर चढतात. पुढे मुलांसोबत पांढऱ्या शेळ्या, मग पिवळी विजार घातलेला सेन, मोठ्या घंटा बांधलेल्या तीन गाई, त्यामागे सारा कळप आणि मागे ब्लेस, असा तो क्रम असतो. ती मिरवणूक देखणी असते. पण मला लक्षात राहिले ते आमच्या घरामागचे रोजचे दृश्य. संध्याकाळी शेतकरी फाटकाशी उभा राहून हाक देई आणि कुत्रा एकटा उतारावर जाऊन पंधरा-वीस तपकिरी गाई घेऊन येई. एखादी गाय मागे रेंगाळली तर तो तिच्या मागच्या पायाला, खुराच्या किंचित वर, ओझरता दात लावी आणि त्याच क्षणी पोट जमिनीला टेकवून सपाट होई. गाईची लाथ त्याच्या डोक्यावरून जाई, आणि तो उठून भुंकत दुसऱ्या बाजूला गेलेला असे. हे त्याला कोणी शिकवलेले मी पाहिले नाही. शिकवावे लागते ते केव्हा थांबायचे एवढेच.

यातून आपल्या प्रश्नांची उत्तरे निघतात. हा कुत्रा भुंकूनच काम करतो, त्यामुळे आवाजाची तक्रार असणाऱ्या वस्तीत त्याला ठेवू नये. अनोळखी माणसाविषयी तो सावध असतो आणि बिस्किटाने वश होत नाही. घरच्यांशी तो अत्यंत एकनिष्ठ असतो, पण स्वतःच्या डोक्याने निर्णय घेण्याची त्याला सवय असते. त्यामुळे हुकूम देणारा माणूस ठाम आणि शांत हवा. काम मिळाले नाही, तर तो स्वतःच काम शोधतो. धावणारी पोरे, सायकली, दुचाकी यांच्या टाचांशी जाण्याची खोड त्यातूनच येते. तो द्वेषाने चावत नाही, तो त्यांना वळवत असतो, परंतु शाळकरी मुलाला हा फरक कळणार नाही आणि त्याच्या आईला तर मुळीच नाही. म्हणून रस्त्याकडेचे कुंपण आधी आणि कुत्रा नंतर, हा माझा स्पष्ट सल्ला आहे.

म्हशींच्या बाबतीत मात्र सावध राहा. गाय लाथ मारून पुढे चालू लागते. म्हैस वळून शिंगावर घेते, आणि विशेषतः पारडू जवळ असले तर ती मागे हटत नाही. सुरुवातीचे काही आठवडे त्याला दोरीवर धरूनच म्हशींजवळ न्या.

प्रतिसाद 2 : पशुवैद्यक, कराड

वरील माहिती उत्तम आहे. मी केवळ आरोग्यापुरते लिहितो.

नोव्हेंबरचे आगमन ही या साऱ्या बेतातील सर्वांत चांगली गोष्ट आहे. उन्हाळा सुरू होण्यापूर्वी त्याला तीन-साडेतीन महिने मिळतील, आणि शरीर हळूहळू जुळवून घेईल. या जातीच्या अंगावर दुहेरी केस असतात: वर दाट, चकचकीत आखूड केस आणि आत मऊ लव. उन्हाळ्यात गरम होत असेल या दयेपोटी लोक कुत्र्याचे केस मशिनने उतरवून आणतात. कृपया तसे करू नका. वरचा थर उन्हापासून कातडीचे रक्षण करतो, आणि तो कापला की आतली लव व वरचे केस पुन्हा पूर्ववत येतीलच असे नाही. आठवड्यातून दोनदा, आणि केस झडण्याच्या दिवसांत रोज, दातेरी फणीने आतली सुटी लव काढून टाकली की त्याला जो गारवा मिळायचा तो मिळतो.

कुत्र्याला घाम जवळजवळ येत नाही. तो धापा टाकून अंगातील उष्णता बाहेर टाकतो. हवा दमट असेल तर तेही नीट साधत नाही. कराड-सांगली पट्ट्यात एप्रिल-मेमध्ये पारा 40 अंशांजवळ जातो; मेढ्याला तुलनेने बरे असते, तरी पत्र्याच्या गोठ्यात दुपारी कोणतेही अंगभर केसांचे जनावर तडफडेल. त्याची बसण्याची जागा पत्र्याखाली नको, झाडाखाली किंवा कौलारू पडवीत असावी. पळवणे, फिरवणे, गुरे हाकणे हे सगळे सकाळी आठच्या आत आणि सूर्य कलल्यावरच करावे. अडचण अशी की हा कुत्रा दमला तरी थांबत नाही, काम समोर दिसले की धावतोच. म्हणून थांबवण्याची जबाबदारी माणसाची आहे. कुत्र्याचे सर्वसाधारण तापमान 38 ते 39.2 अंश सेल्सिअस असते. जीभ व हिरड्या लालभडक होणे, लाळ घट्ट व चिकट होणे, चालताना झोकांड्या जाणे किंवा उलटी होणे यांपैकी काही दिसले, तर तो उष्माघात समजून तत्काळ सावलीत न्यावे, पोट, जांघा व पंजे यांवर पाणी ओतत पंख्याचा वारा द्यावा, आणि पाणी ओतत असतानाच गाडी बोलवावी. थोडे बरे वाटले म्हणून दवाखाना टाळू नये, कारण मूत्रपिंडे आणि रक्त गोठण्याची क्रिया यांना झालेली इजा नंतर प्रकट होते.

ताई, आपल्या कुत्रीविषयी वाचून वाईट वाटले. नाकातून रक्त येणे हे एर्लिकियाचे उशिराचे लक्षण आहे. गोचिडातून आलेला जंतू रक्तातील पेशींमध्ये शिरतो, प्लेटलेट कमी होतात, आणि आधी फक्त खाणे कमी होऊन ताप येतो. त्याच टप्प्यावर रक्त तपासून डॉक्सिसायक्लिनचा पूर्ण कोर्स, बहुधा 28 दिवसांचा, दिला तर बहुतेक कुत्री वाचतात. ज्या कुत्र्याचा आपल्याकडील गोचिडांशी कधी संबंध आलेला नाही, त्याच्या बाबतीत तर एका दिवसाचीही वाट पाहू नये. एक वेळ खाल्ले नाही तर ताप मोजा, आणि दोन वेळा खाल्ले नाही तर रक्त तपासा. गोचिडांवरच्या गोळ्या किंवा मानेवर टाकायचे औषध विमानात बसण्यापूर्वीच सुरू करावे. तरीही रोज रात्री कानाच्या आत, पापण्यांजवळ, काखेत आणि पायांच्या बोटांमध्ये हात फिरवून पाहणे सोडू नये.

येथे गोठेवाल्यांसाठी एक गंभीर सूचना. गाईंवर फवारायचे गोचिडाचे औषध उरले म्हणून कुत्र्यावर मारणे, किंवा जनावरांचे आयव्हरमेक्टिन इंजेक्शन अंदाजाने कुत्र्याला देणे, हे प्रकार मी दरवर्षी पाहतो. कॉली आणि तिच्याशी नाते असलेल्या मेंढपाळ जातींतील अनेक कुत्र्यांमध्ये एका जनुकातील दोषामुळे आयव्हरमेक्टिन मेंदूत शिरते आणि ती दगावतात. सेनेनहुंड त्या घराण्यातले नाहीत, तरी जनावरांच्या औषधाची तीव्रता आणि कुत्र्याची मात्रा यांत एवढे अंतर आहे की कोणत्याच कुत्र्यावर हा प्रयोग करू नये.

पावसाळ्यात गोठ्यातील उंदरांच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिस होतो. त्याची लस दरवर्षी द्यावी. रेबीजचे तर विचारूच नका: स्वित्झर्लंड 1999 पासून रेबीजमुक्त आहे, त्यामुळे तेथील सर्वच पाळीव कुत्र्यांना ही लस वेळच्या वेळी दिलेली असते असे गृहीत धरू नये. भाच्याला नोंदपुस्तिका तपासायला सांगा, आणि लस प्रवासापूर्वी किमान महिनाभर आधी झालेली असू द्या. अंगातील मायक्रोचिप, आरोग्य प्रमाणपत्र आणि पशु संगरोध विभागाची ना-हरकत ही कागदपत्रे लागतात. व्यापारी प्रजननासाठी परदेशी कुत्री आणण्यावर भारताने 2016 साली बंदी घातली होती. मालकासोबत येणाऱ्या पाळीव कुत्र्याला ती लागू नव्हती, मात्र पुस्तिका भाच्याच्याच नावावर असली पाहिजे.

कंबरेच्या सांध्याचा दोष या जातीत आढळतो, म्हणून तेथे काढलेला क्ष-किरण फोटो असल्यास मागवून घ्या आणि वजन 28 वरून 34 वर जाऊ देऊ नका. आहाराचे सोपे आहे. दूध-भाकरी हे त्याचे पूर्ण अन्न नव्हे. गोठा घरचा म्हणून तांब्याभर दूध ओतले जाते आणि प्रौढ कुत्र्याला त्याने ढाळ लागते. ताक थोडे चालेल. अंडी, शिजवलेले बिनहाडाचे मांस, भात किंवा भाकरी आणि भोपळा-गाजर असे दोन वेळा द्यावे, किंवा चांगले तयार खाद्य द्यावे. कांदा-लसणाचा रस्सा आणि कोंबडीची शिजलेली हाडे पूर्ण वर्ज्य. खाऊन झाल्यावर तासभर पळवू नये.

प्रतिसाद 3 : जत, जि. सांगली

आमच्या घरी माडग्याळ मेंढरे आहेत आणि माझे चुलते अजूनही वर्षातील काही महिने खांड, म्हणजे मेंढरांचा कळप, घेऊन फिरतात. मला एक गोष्ट वेगळी सांगायची आहे.

आमचा धनगरी कुत्रा आणि हा स्विस कुत्रा यांना एकाच शब्दाने 'मेंढपाळ कुत्रा' म्हटले जाते, पण दोघांची कामे अगदी उलट आहेत. आमच्याकडे मेंढरे हाकतो तो माणूस, तोंडाने आवाज करून आणि काठीने. कुत्रे हाकत नाही. ते रात्री वाघरीच्या (मेंढरे कोंडायच्या जाळीच्या) बाहेर निजते आणि लांडग्याचा वास आला की उठते. पिल्लू डोळे उघडल्यापासून कोकरांत वाढते, कोकरांच्या अंगाला अंग लावून झोपते, आणि मोठेपणी मेंढराच्या पायाला दात लावला तर त्या कुत्र्याला वाड्यावर ठेवत नाहीत. म्हणजे जो गुण अपेन्झेलमध्ये कुत्र्याला मान देतो, तोच गुण आमच्याकडे दोष ठरतो.

हे लिहिण्याचे कारण व्यवहाराचे आहे. दिवाळीनंतर माण, खटाव, फलटणकडील खांडी घाट उतरून कोकणाकडे निघतात, आणि त्यांतील काही आपल्या तालुक्यातूनच जातात. आपला कुत्रा नेमका त्याच दिवसांत येत आहे. शेदीडशे मेंढरे दारावरून जाताना दिसली, तर त्याच्या रक्तातले काम जागे होणारच. तो त्यांना वळवायला जाईल, गाभण मेंढ्या पळतील आणि गाभ टाकतील, आणि खांडीबरोबरची कुत्री त्याला लांडगाच समजून अंगावर येतील. ती तीन-चार असतील आणि हा एकटा असेल. खांड दिसेपर्यंत नव्हे, घंटांचा आवाज कानावर येताच त्याला आत बांधा, एवढी माझी विनंती आहे.

हाइम यांच्याविषयी सांगलीच्या मित्रांनी लिहिलेले मी दोनदा वाचले. आमच्या शेजारी कर्नाटकात मुधोळ आहे. तेथील शिकारी कुत्र्याला घोरपडे राजांमुळे नाव मिळाले. धनगराच्या कुत्र्याची मात्र कोणी वंशावळ लिहिली नाही, उंची मोजली नाही, आणि आता बाहेरच्या कुत्र्यांशी संकर होत होत ते विरळ होत चालले आहे. एखाद्या प्राध्यापकाने आमच्या वाड्यावर चार महिने राहून ते काम करावे, असे मला मनापासून वाटते.

प्रतिसाद 4 : तासगाव, जि. सांगली

डॉक्टरांनी आहाराविषयी लिहिले आहे, त्यात एक भर घालतो. द्राक्षे आणि बेदाणा कुत्र्याला देऊ नयेत. आमच्या भागात हे सांगणारे फारसे कोणी भेटत नाही, कारण येथे प्रत्येक घरात बेदाणा पोत्याने असतो आणि कुत्री शेडभोवतीच वावरतात. माझ्या कुत्र्याने प्रतवारीतून बाजूला पडलेला बेदाणा पोटभर खाल्ला होता. त्याच रात्री त्याला उलट्या झाल्या, त्या थांबल्या म्हणून आम्ही निश्चिंत झालो, आणि तिसऱ्या दिवशी त्याचे लघवी होणे बंद झाले. मूत्रपिंडे निकामी झाली होती. एखादा कुत्रा बरेच खाऊनही वाचतो आणि एखादा थोडक्यात जातो, त्यामुळे सुरक्षित प्रमाण असे कोणतेच धरता येत नाही. सत्यनारायणाच्या प्रसादाच्या शिऱ्यातील बेदाणेसुद्धा काढूनच द्या. द्रोण उष्टा राहिला तर तो उचलून ठेवा. आमच्याकडे आता शेडला खालून दोन फूट जाळी मारली आहे.

प्रश्नकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. जतच्या दादांनी खांडींविषयी लिहिले ते वाचून अंगावर काटा आला, कारण आमच्या वाडीवरून दरवर्षी दोन-तीन खांडी जातात आणि हा विचार आमच्या कोणाच्याच मनात आला नव्हता. काल यजमानांनी रस्त्याकडेचे कुंपण मोजले. साडेचार फूट उंचीची जाळी लागेल. सासूबाईंनी पडवीतली गवताची गंजी हलवून तेथे कुत्र्याची जागा करायला सांगितली आहे, आणि त्या आजवर कुत्र्याला उंबऱ्याच्या आत येऊ देत नसत.

दोन शंका उरल्या आहेत. पहाटे साडेपाचला दूध न्यायला येणाऱ्या मुलाची ओळख कशी करून द्यावी? आणि भाचा आठवडाभरच येथे राहणार आहे. तेवढ्यात कुत्रा आमचे ऐकू लागेल का?

प्रतिसाद 1 (पुन्हा) : विश्रामबाग, सांगली

ताई, आठवडा फार कमी आहे. भाच्याला पहिले किमान तीन आठवडे सुट्टी घेऊन तेथेच राहायला सांगा, आणि नंतर काही महिने दर शनिवार-रविवारी यायला सांगा. मालक एकाएकी नाहीसा झाला तर हा कुत्रा खाणे सोडतो, आणि मग डॉक्टर म्हणतात तसे ते तापामुळे की विरहामुळे, हे तुम्हाला कळणार नाही.

दूध नेणाऱ्या मुलाला पहिल्या दिवशी कुत्र्याकडे पाहू देऊ नका, हातही लावू देऊ नका. कुत्रा दोरीवर, भाचा शेजारी, आणि मुलाने नेहमीसारखी किटली उचलून निघून जायचे. असे आठ-दहा दिवस झाले की त्याच्या लेखी तो मुलगा पहाटेच्या कामाचा एक भाग होतो. लाड करून ओळख वाढवण्यापेक्षा याचा उपयोग जास्त होतो, कारण या कुत्र्याला रोजचा क्रम फार लवकर पाठ होतो आणि क्रम मोडला की तो अस्वस्थ होतो. पहिल्या हिवाळ्यात मोकळे सोडण्याची घाई नको. गाई बांधायच्या वेळी त्याला लांब दोरीवर सोबत घ्या, आणि वैरण टाकेपर्यंत बसवून ठेवा. सुरुवातीला एकच गाय, तीही शांत स्वभावाची, त्याला हाकू द्या. तेवढे रोजचे काम मिळाले तरी त्याचा दिवस भरतो.

हुकुमांची भाषा बदलू नका. त्याने चार वर्षे जर्मन शब्द ऐकले आहेत, तेव्हा ते शब्द तुम्हीच शिकून घ्या: बसण्यासाठी 'झिट्स', आडवे होण्यासाठी 'प्लात्स', नको म्हणण्यासाठी 'नाइन', आणि जवळ बोलावण्यासाठी त्या भागातल्या बोलीतला 'खुम'. भाचा नेमके काय म्हणतो आणि कोणत्या सुरात म्हणतो, ते मोबाईलवर ध्वनिमुद्रित करून आजपासूनच म्हणून पाहा, कारण शब्दापेक्षा सूर त्याच्या अधिक ओळखीचा आहे. चारही शब्द मोठ्या अक्षरांत लिहून गव्हाणीच्या वरच्या भिंतीवर लावा, म्हणजे सासूबाई, यजमान आणि आपण तिघेही एकच शब्द वापराल. 'खुम' म्हटल्यावर तो आला की प्रत्येक वेळी हातातून काहीतरी द्या, आणि रागावण्यासाठी तो शब्द कधीही वापरू नका, कारण दारावरून खांड जात असेल तेव्हा त्याला परत आणायला तुमच्याकडे तेवढाच एक शब्द असेल.